करडा ठिपका

त्या रविवारी दुपारी जेवण झाल्यावर योगिनी तापकीरने चाचण्या बंद केल्या आणि कुणालाच सांगितलं नाही. सांगून उपयोग नव्हता. चाचण्या बंद आहेत हे ऑपरेटरना कळलं तर ते सैलावतील, आणि चाचण्या नसताना त्यांचं लक्ष किती टिकतं हेच तर तिला पाहायचं होतं.

चाकण एमआयडीसीतल्या एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर तिच्या कंपनीची कंट्रोल रूम होती. पिंपरी ते चाकण असा ड्रोनचा एक रूट कंपनी चालवायची. पिंपरीच्या रक्तपेढीतून चाकणच्या दवाखान्यांना रक्ताच्या पिशव्या, परत येताना तपासणीचे नमुने, भोसरीच्या वर्कशॉपमधून कारखान्यांना हातात मावतील एवढे पार्ट. खाली नाशिक रोडला कंटेनरच्या मागे कंटेनर उभे असायचे, आणि वरून हीच वाट ड्रोन चहा होईपर्यंत कापायचे.

हे ड्रोन कुणी माणूस उडवत नव्हता. कधी निघायचं, किती उंचीवर जायचं, समोरून दुसरा आला तर कुणी बाजूला व्हायचं, सगळं सिस्टीम ठरवायची. एखादं विमान किंवा हेलिकॉप्टर जवळ आलं तर त्यातून निघणारा संदेश सिस्टीमला मिळायचा आणि ती आपले ड्रोन आधीच दूर न्यायची. स्क्रीनसमोर बसलेल्या माणसाचं काम एकच होतं, बघत राहायचं. महिनोन्‌महिने काही घडत नसताना, आज घडेल म्हणून बघत राहायचं.

हे काम किती कठीण आहे ते योगिनीला माहीत होतं. तिला कंपनीने घेतलंच होतं त्यासाठी. माणसाचं लक्ष हा तिच्या शिक्षणाचा विषय. पहिल्या महिन्यात तिने ऑपरेटरच्या चेहऱ्यांचं रेकॉर्डिंग पाहिलं तेव्हा ती घाबरली होती. माणसं ताठ बसलेली, डोळे उघडे, नजर स्क्रीनवर. आणि स्क्रीनवर मुद्दाम चुकीचा आकडा टाकला तरी पापणी हलत नव्हती. आळशी नव्हती ती माणसं. मन रिकामं बसत नाही, ते दुसरीकडे निघून जातं, एवढंच.

तिने उपाय काढला तो ठिपक्यांचा. मोशीत एका उंच इमारतीच्या गच्चीवर कंपनीचं छोटं रडार होतं. त्याला आकाशात काहीतरी दिसलं पण नक्की काय ते कळलं नाही, तर स्क्रीनवर करडा ठिपका यायचा. ती बहुतेक वेळा घार असायची किंवा पतंग. ठिपका टिकला तर तो नारिंगी व्हायचा आणि सिस्टीम स्वतः हालचाल करायची. विझला तर सिस्टीम त्याला विसरून जायची. करडा असेपर्यंत तो माणसाच्या हवाली. त्याने बघायचं, विचार करायचा, गरज वाटली तर फोन फिरवायचा. पण खरा करडा ठिपका आठवड्यातून एखादाच यायचा. म्हणून योगिनीने खोटे करडे ठिपके सोडायला सुरुवात केली, शिफ्टमध्ये सात-आठ, कधीही, कुठेही. ठिपका दिसला की ऑपरेटरने त्यावर बोट ठेवून ‘पाहिलं’ दाबायचं. किती लवकर दाबलं ते मोजलं जायचं. दाबलं की खोटा ठिपका विझायचा.

दोन महिन्यांत सगळ्यांचे आकडे सुधारले. पुण्याच्या एका परिषदेत योगिनीने त्यावर भाषणही केलं.

त्या आकड्यांत सगळ्यात वर असायचा कामरान मुजावर. पिंपरीत नेहरूनगरला त्याचे वडील शौकतभाई यांचं दुचाकीचं गॅरेज होतं. कामरान त्या गॅरेजमध्येच वाढला, आणि हाताला काम नसलं की अस्वस्थ व्हायचा. त्याला कंपनीने घेतलं ते ड्रोन हाताने उडवण्यातल्या त्याच्या हुशारीमुळे. जोराच्या वाऱ्यात, रिकाम्या गोडाऊनच्या खिडकीतून ड्रोन आत नेऊन बाहेर काढला होता त्याने मुलाखतीच्या वेळी. मग सिस्टीम आली आणि त्याला खुर्चीवर बसवलं. आता वर्षभर त्याने एकही ड्रोन स्वतः उडवला नव्हता.

त्या दिवशी दुपारच्या पाळीला कामरान एकटाच होता. रविवारी मोठ्या कंपन्या बंद, त्यामुळे वर गर्दी नव्हती. पाचसहा ड्रोन तेवढे येत-जात होते. मॅनेजर सुजित सर घरी होते. सकाळी त्यांनी फोनवर एवढंच सांगितलं होतं की चऱ्होलीत लग्नासाठी हेलिकॉप्टर येणार आहे, संध्याकाळी पाचला; साडेचारला रूट आपोआप बंद होईल, सिस्टीममध्ये टाकलंय.

हेलिकॉप्टरचं योगिनीला त्यांच्या आधीच कळलं होतं. चऱ्होली तिचं गाव. तिचे वडील उद्धवराव, ती त्यांना आबा म्हणायची, चार दिवस तेच सांगत होते. शेजारच्यांनी जमीन बिल्डरला दिली आणि आता मुलाचं लग्न आळंदी रोडच्या लॉनवर. नवरदेव हेलिकॉप्टरने उतरणार. “आक्खं गाव जानारे बघायला. तू बी ये,” आबा म्हणाले होते. तिला काम होतं.

चार वाजायला थोडा वेळ असताना ती कंट्रोल रूममध्ये आली आणि कामरानच्या मागे भिंतीला टेकून उभी राहिली. त्याने मान वळवून पाहिलं.

“मॅडम, आज रविवारी?”

“असंच. तू चालू दे तुझं.”

“माझं काय चालायचंय. त्याचंच चालू आहे,” तो स्क्रीनकडे हात करून म्हणाला.

एसीचा आवाज तेवढा येत होता. स्क्रीनवर हिरवे त्रिकोण सरकत होते. योगिनी कामरानच्या मानेकडे, खांद्यांकडे बघत होती. चाचण्या बंद होऊन दोन तास झाले होते. त्याचा उजवा हात माऊसजवळ तयार होता, बोटं किंचित वाकलेली. झडप घालायला बसल्यासारखा हात. हे तिने आधी कधी नीट पाहिलं नव्हतं. रेकॉर्डिंगमध्ये ती नेहमी चेहरे बघायची.

तेवढ्यात नकाशावर नदीच्या रेघेवर, मोशीच्या पश्चिमेला, एक करडा ठिपका उमटला.

कामरानचा हात गेला. क्लिक. ठिपका विझला. कामरानने हात परत जागेवर आणला. सगळं इतक्या पटकन झालं की योगिनीने तोंड उघडेपर्यंत नकाशा स्वच्छ होता.

“काय होतं ते?” तिने विचारलं.

“तुमचा ठिपका,” कामरान मान न वळवता म्हणाला. “वेळ बघा, दीड सेकंद पण नसेल.”

योगिनी भिंतीपासून पुढे आली. आपण चाचण्या खरंच बंद केल्या ना? तिने आठवून पाहिलं. बंद केल्या होत्या. दोनदा तपासलंही होतं.

“कामरान, तो माझा नव्हता.”

“मग घार असेल. गेली.”

“घार एवढ्या वेगात सरकत नाही. तो सरकत होता ना? तू बघितलंस का कुठल्या दिशेने?”

कामरानने पुन्हा नकाशाकडे पाहिलं. त्याने ठिपका पाहिला नव्हता. ठिपका आला एवढंच पाहिलं होतं. त्याचा वेग, दिशा, उंची बाजूच्या चौकटीत दोनतीन सेकंद लिहून आली असणार, पण ती वाचायची सवय सुटली होती. वाचत बसलं की आकडा खाली जायचा.

“होल्ड दाब,” योगिनी म्हणाली. होल्ड दाबलं की सगळे ड्रोन जिथे असतील तिथे हवेत थांबायचे.

आता कामरानने खुर्ची फिरवली. त्याचा चेहरा कडक झाला होता. “मॅडम, महेकचं काय झालं माहितीये ना? तिनेपण करडा ठिपका बघून होल्ड केलं होतं. तुमचीच चाचणी निघाली. कारखान्याचा माल अडकला, दवाखान्याचे फोन आले. सगळ्यांसमोर उभं केलं तिला. आता ती सकाळच्या पाळीला फाइली लावते. आणि चुकून होल्ड केलं तर मार्क कापायचे, हा नियम तुम्हीच केला.”

“मीच केला. आता मी सांगते, दाब.”

“हीपण चाचणीच असेल,” तो हळू म्हणाला. “मागे उभं राहून दबाव टाकला तर ऑपरेटर काय करतो. असंच काहीतरी.”

त्याच्या डोळ्यांत उद्धटपणा नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं. योगिनीला त्या क्षणी कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. या माणसाला जागं ठेवायला आपण रोज त्याच्याशी सात-आठ वेळा खोटं बोललो, आणि आज खरं सांगायचं आहे तर आपल्याकडे वेगळा आवाज नाही.

“कामरान, चाचण्या दुपारपासून बंद आहेत. मीच बंद केल्यात. आज एकही ठिपका माझा नाही. आईशप्पथ.”

तो तिच्याकडे बघत राहिला. मग वळून त्याने होल्ड दाबलं.

सगळे हिरवे त्रिकोण थांबले. चार जमिनीच्या जवळ, आपापल्या तळांपाशी. एक कुरुळीच्या शेतांवर. आणि सात नंबर मोशीच्या पुलाच्या जरा पश्चिमेला, बरोबर नदीवर.

योगिनीने आबांना फोन लावला होता. रिंग वाजत होती. कामरानने सात नंबरचा कॅमेरा मोठा केला. ड्रोनचे कॅमेरे खाली बघणारे; स्क्रीनभर इंद्रायणी पसरली. हिरवीगार जलपर्णी, मध्ये काळं पाणी, बंधाऱ्याखाली पांढऱ्या फेसाचे ढीग. आकाश दिसायची सोय नव्हती.

“हॅलो!” आबा ओरडले. मागे बँड वाजत होता. “योगे, आलीस का गं?”

“आबा, हेलिकॉप्टर आलं का?”

“अगं येतंय की! पाचला व्हतं, पन भटजी म्हनला आयतवारचा राहुकाळ लागतोय साडेचारला. मग अलीकडं घेतलं.”

“आत्ता कुठे आहे? आबा, नीट सांगा, आत्ता कुठे आहे?”

“काय झालं?”

“आबा!”

आबांचा आवाज बदलला. ते कुणालातरी विचारताना ऐकू आलं, मग परत आले. “नवऱ्याचा चुलता सांगतोय, देहूवरनं पुढं आल्यात. नदी धरून येत्यात. खालूनच, शूटिंग घ्यायचंय म्हनं पान्यावरनं. पोचत्यात आत्ता.”

योगिनीने फोन कानाला तसाच धरून ठेवला. “नदी धरून येतंय,” ती कामरानला म्हणाली. “खालून. देहूकडून.”

देहूहून नदी धरून चऱ्होलीकडे निघालं की मध्ये मोशी. मोशीच्या नदीवर सात नंबर, हलायचं नाही अशी आज्ञा घेऊन लटकलेला. हेलिकॉप्टरमधून येणारा संदेश कुठेच नव्हता, आणि ते इतक्या खालून येत होतं की रडारवरचा ठिपकाही लगेच विझला होता. सिस्टीमच्या दृष्टीने आकाश मोकळं होतं. पायलटला हा ड्रोन दिसायचा तर अगदी समोर आल्यावर दिसणार.

“होल्ड काढून पुढे पाठवू?” कामरान पुटपुटला आणि स्वतःच म्हणाला, “नाही. परत वेग घेईपर्यंत वेळ जातो.” त्याने खणातून कंट्रोलर काढला, हातात धरायचा, दोन दांड्यांचा. वर्षभर तो खणातच पडून होता. स्क्रीनवर लाल चौकट आली: सिस्टीमचा ताबा काढायचा का? त्याने हो म्हटलं. पुन्हा विचारलं, खात्री आहे का? “हो रे बाबा, हो!” तो ओरडला.

“बाजूला घे,” योगिनी म्हणाली.

“एका बाजूला पूल आहे, गाड्या भरलेल्या. दुसरीकडे सोसायट्या. वर न्यावा तर ते किती उंचीवर आहे तेच माहीत नाही.” त्याचे अंगठे दांड्यांवर होते. “खाली नेतो. खाली माणूस नाही.”

“ने.”

“मॅडम, यात रक्त आहे.”

तिने बाजूची चौकट पाहिली. सात नंबर: रक्ताच्या दोन पिशव्या, चाकणचा एक दवाखाना, तातडीचं. बाळंतपणासाठी, असं खाली लिहिलं होतं. तिथे कुणीतरी बाई टेबलावर होती आणि पिशव्यांची वाट बघत होती. त्या बाईचं नाव लिहिलेलं नव्हतं. योगिनीला वाटलं, आपल्याला एक मिनिट मिळालं असतं तर. मिनिट नव्हतं.

“खाली घे, कामरान.”

त्याने दांडी ओढली. स्क्रीनवरची नदी मोठी होऊ लागली. सिस्टीमचा बाईचा आवाज शांतपणे सांगू लागला, उंची कमी होत आहे, उंची कमी होत आहे. जलपर्णीची पानं वेगवेगळी दिसायला लागली. फेसाचा ढीग जवळ आला, त्यात अडकलेली प्लास्टिकची बाटली दिसली.

आणि स्क्रीनच्या वरच्या कडेकडून एक मोठी काळी सावली आत आली. फेसावरून, पानांवरून, फेर धरत येणारी पात्यांची सावली. क्षणभर तिने सगळा स्क्रीन व्यापला आणि ती पलीकडे निघून गेली. तिच्या मागोमाग पाणी खवळलं. फेस उधळला, पानं उलटी झाली, आणि चित्र गरगर फिरू लागलं. हेलिकॉप्टरच्या वाऱ्याने ड्रोनला पकडलं होतं.

कामरान उभा राहिला होता. दात ओठांवर आणि अंगठे दोन्हीकडे, इंचाच्या आतबाहेर हलणारे. “थांब, थांब, थांब, ये, इकडे ये,” तो ड्रोनशी बोलत होता, गॅरेजमध्ये सुरू न होणाऱ्या गाडीशी बोलावं तसं. चित्र सरळ झालं, पुन्हा तिरकं झालं, काठाची काळी माती दिसली, गवत दिसलं. मग एक धक्का बसला आणि चित्र थांबलं. एक पान कॅमेऱ्याला चिकटलं होतं, सगळा स्क्रीन हिरवा.

योगिनीच्या हातातल्या फोनमधून आबांचा आवाज येत होता. “हॅलो? योगे? आलं बघ! दिसायलंय!” आणि मग बँडच्या आवाजावर चढलेली घरघर, पोरांची आरडाओरड, टाळ्या. “उतरलं गं! लई धुरळा! नवऱ्याचा फेटा उडाला!”

तिने फोन ठेवला. ती जमिनीवरच बसली.

कामरानने कंट्रोलर टेबलावर ठेवला. त्याच्या बगलांपासून कमरेपर्यंत शर्ट ओला झाला होता. “दवाखान्याला फोन करा,” तो म्हणाला. “दुसरं रक्त लागेल त्यांना. मी समाधानला पाठवतो नदीवर.”

समाधान हा कंपनीचा मोशीच्या तळावरचा माणूस, मूळचा बीडचा. तो मोटारसायकलवर नदीकाठी गेला, गुडघाभर चिखलातून ड्रोन बाहेर काढला आणि फोनवर म्हणाला, “पेटी कोरडी हाय भाऊ, पन एक पंखा न्हाई.” पेटी त्याने चाकणला नेऊन दिली. डॉक्टरांनी त्या पिशव्या वापरल्या नाहीत. पेटी आदळली होती आणि आतलं तापमान वाढलं होतं. पिंपरीहून दुसऱ्या पिशव्या ॲम्ब्युलन्समधून निघाल्या, त्या नाशिक रोडच्या गर्दीतून सव्वा तासाने पोचल्या. त्या सव्वा तासात योगिनीने दवाखान्यात पाच वेळा फोन केला. पाचव्या वेळी पलीकडची सिस्टर म्हणाली, “मॅडम, आम्हाला काम करू द्या.” शेवटी अंधार पडता पडता तिचाच फोन आला. बाई वाचली होती. मुलगी झाली होती. बाईला मात्र आयसीयूत ठेवलं होतं, आणखी काही दिवस लागतील म्हणाली.

हेलिकॉप्टरच्या पायलटला काहीच दिसलं नव्हतं. त्याच्या संदेश पाठवणाऱ्या यंत्रात बिघाड होता हे नंतर तपासात कळलं. लग्न छान झालं. जेवणाच्या पंगतीतल्या कुणालाही नदीवर काय घडलं ते माहीत नव्हतं.

सोमवारी सकाळी सुजित सरांनी बैठक घेतली. ते वाईट माणूस नव्हते. रात्रभर त्यांनी सगळं रेकॉर्डिंग पाहिलं होतं, आणि डोळे लाल झाले होते.

“एक गोष्ट मला समजत नाही,” ते म्हणाले. “ठिपका आला, कामरानने दीड सेकंदाच्या आत ‘पाहिलं’ दाबलं. या महिन्यातला सगळ्यात चांगला आकडा. म्हणजे आपली पद्धत चालली ना? लक्ष होतं त्याचं.”

“लक्ष नव्हतं, सर,” योगिनी म्हणाली. “हात तयार होता.”

“म्हणजे?”

“ठिपका म्हणजे दाबायची गोष्ट, एवढंच शिकवलं मी त्यांना. ठिपका म्हणजे वर कुणीतरी असू शकतं, हे त्यांच्या मनातून मीच काढून टाकलं. रोज सात-आठ वेळा. खरा आला तेव्हा त्यानेही तेच केलं.”

सुजित सर कामरानकडे वळले. “तू बोल.”

कामरान खाली बघत होता. “ड्रोन मी उतरवला म्हणून काल अब्बांनी मिठाई वाटली, सर. मला खाता नाही आली. मॅडम मागे नसत्या तर मी तो ठिपका विसरूनपण गेलो असतो. त्या सांगत होत्या तरी मला वाटत होतं, खेळ चाललाय.” त्याने मान वर केली. “तुम्ही आम्हाला जागं ठेवायला खोटं सांगत होता. मग खरं कधी सांगता ते आम्ही कसं ओळखायचं?”

महेकला आत बोलावलं गेलं. ती दाराशी उभी राहिली, तिला वाटलं पुन्हा काहीतरी चुकलं. योगिनी उठून तिच्यापाशी गेली. “त्या दिवशी तू बरोबर केलंस,” ती म्हणाली. “ठिपका माझा होता, पण तुला जे वाटलं ते बरोबर होतं. मी तुला सगळ्यांसमोर चूक ठरवलं. आता सगळ्यांसमोर माफी मागते.” महेकने ओढणी सारखी केली आणि “ठीक आहे, मॅडम,” एवढंच म्हणाली. तिला ठीक वाटलं की नाही ते तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. पुढच्या आठवड्यात मात्र ती परत स्क्रीनवर बसायला तयार झाली.

खोटे ठिपके बंद झाले. होल्ड केल्याबद्दल मार्क कापणं बंद झालं. त्यांच्या जागी काय आणायचं यावर बरेच दिवस वाद चालले. कामरान म्हणाला, प्रत्येक पाळीत काही फेऱ्या आम्हाला हाताने उडवू द्या, सिस्टीमने मागे बसून आमच्यावर लक्ष ठेवावं. सुजित सरांना धोका वाटत होता. महेक म्हणाली, एकट्याला बसवू नका. दोघं असली की बोलतात, आणि जे दिसतं ते मोठ्याने सांगितलं की डोक्यातही राहतं. योगिनी दोघांचं ऐकत होती आणि तिच्या लक्षात आलं की आपण या खोलीत वर्षभर वावरलो, पण एक पूर्ण पाळी त्या खुर्चीवर कधी बसलो नाही.

तिने ती मागून घेतली. गुरुवारची दुपारची पाळी, कामरान शेजारी.

सुरुवातीला तिला सगळं दिसत होतं. प्रत्येक त्रिकोणाचा नंबर, उंची, माल. ती मोठ्याने वाचत होती आणि कामरान हसत होता. चहा झाला. ड्रोन जात होते, येत होते. कुरुळीवरून एक, चिंबळीवरून एक. नदी ओलांडताना प्रत्येक वेळी तिचा श्वास अडकायचा. मग काही फेऱ्यांनी अडकेनासा झाला. आयसीयूतून बाहेर आलेल्या त्या बाईला बघायला जावं का, असा विचार तिच्या मनात आला. काय म्हणून जायचं? मी कोण म्हणून सांगायचं? मुलीचं नाव काय ठेवलं असेल?

“मॅडम,” कामरान म्हणाला. “तीन नंबर कुठेय?”

तिने स्क्रीनकडे पाहिलं. ती स्क्रीनकडेच बघत होती. तीन नंबर भोसरीला उतरून, माल देऊन, परत निघाला होता. हे सगळं तिच्या उघड्या डोळ्यांसमोर घडलं होतं आणि तिला त्यातलं काहीही माहीत नव्हतं.

“मला दिसला नाही,” ती म्हणाली.

“कुणालाच दिसत नाही. एवढ्या वेळाने तर नाहीच.” त्याच्या आवाजात टोचणी नव्हती. त्याने खुर्ची तिच्याकडे जरा सरकवली. “आता तुम्ही सांगा, चार नंबर काय घेऊन चाललाय? बघून सांगा, आठवून नको.”

योगिनी पुढे वाकली. “नमुने,” ती म्हणाली. “चाकणहून पिंपरीला. आत्ता चिंबळी ओलांडतोय.”

“वारा?”

“पश्चिमेचा. जरा वाढलाय.”

“मग तो किती सरकेल?”

ती हिशेब करू लागली, आणि चार नंबर नदीवर आला.